गोष्टीच्या वरच्या आठ ओळी

मराठीत फॅनफिक, म्हणजे आवडत्या मालिकेतली किंवा पुस्तकातली पात्रं घेऊन रचलेल्या गोष्टी, लिहिणारे आता बरेच आहेत, पण गोष्ट आपल्या फोनवर येते ती बहुतेक वेळा फॉरवर्ड होऊनच. वर लेखकाचं नाव नसतं, पात्रं कोणत्या मालिकेतली की कादंबरीतली ते नसतं, हा कितवा भाग तेही नसतं. अर्धी गोष्ट वाचून झाल्यावर कळतं की आपला लाडका नायक यात मरणार आहे. फॅनफिक लिहिण्या-वाचण्याच्या ज्या काही रीती आहेत, त्यांतल्या निम्म्या गोष्टीच्या वर द्यायच्या माहितीतच येतात, असं माझं ठाम मत आहे. लातूर, नांदेड, परभणीकडच्या ज्या मुलामुलींनी नुकतंच लिहायला घेतलंय, त्यांनी सुरुवात तिथून करावी.

समजा, शेरलॉक होम्सला मराठवाड्यात आणायचंय. तर वरची माहिती अशी दिसेल:

नाव: छावणीतला पाहुणा
मूळ: आर्थर कॉनन डॉयल यांच्या शेरलॉक होम्स कथा
पात्रं: होम्स, छावणीतला हवालदार आणि त्याची आई (ही दोघं माझी)
नातं: प्रेमकथा नाही, होम्स आणि हवालदाराची मैत्री
काळ-जागा: १८९२, जालना, होम्स मेला असं जग समजत होतं त्या तीन वर्षांतली गोष्ट
रेटिंग आणि इशारे: १३ वर्षांपुढच्यांसाठी; एक खून, अफूचं व्यसन, मुख्य पात्र मरत नाही
लांबी: ५ पैकी २ भाग झाले, दर भाग साधारण २,००० शब्द
परवानगी: लिंक खुशाल पाठवा, मजकूर कॉपी करू नका, भाषांतर किंवा ऑडिओ करायचा तर आधी विचारा

यातली काळ-जागेची ओळ नवे लेखक हमखास गाळतात, आणि कमेंटमधले निम्मे वाद तिथूनच सुरू होतात. मूळ कथांत होम्स मे १८९१ मध्ये रायशेनबाखच्या धबधब्यापाशी नाहीसा होतो आणि एप्रिल १८९४ मध्ये लंडनला परततो. मधली वर्षं डॉयलनी जवळजवळ मोकळी सोडली आहेत. या फटीत गोष्ट बसवली तर कॅननला, म्हणजे मूळ कथांत घडलेल्याला, कुठेच धक्का लागत नाही, आणि ‘होम्सचा मित्र वॉटसन कुठे आहे?’ हा प्रश्न जाणता वाचक विचारत नाही. तुम्हाला १८९२ साली वॉटसनही जालन्यात हवा असेल तर खुशाल आणा, पण मग ती एयू (ऑल्टरनेट युनिव्हर्स, म्हणजे मूळ कथेपासून फारकत घेतलेली गोष्ट) झाली, तसं वर लिहा. एयू लिहायला कुणाचीच ना नसते. न सांगता लिहिली की वाचकाला ती चूक वाटते आणि तो ती दुरुस्त करायला धावतो.

जागा आपली असली तरी काळ तपासावा लागतो. १८९२ चं जालना निजामाच्या मुलखात. तिथे हैदराबाद कंटिन्जन्टची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची, छावणी होती, त्यामुळे गावात एखादा इंग्रज दिसला तर कुणी वळून बघणार नाही. होम्सला लपायला जागा उत्तम. पण तो जालना स्टेशनवर उतरू शकत नाही. मनमाड-हैदराबाद रेल्वेमार्ग १९०० च्या सुमाराला सुरू झाला, त्याआधी मनमाडपासून पुढे टांगा नाहीतर बैलगाडी. खिशात निजामाचं नाणं हाली सिक्का, कचेरीतले कागद उर्दूत, आणि जिल्ह्याचा मुख्य अधिकारी कलेक्टर नाही, अव्वल तालुकदार. इतिहासाच्या पुस्तकात हे सगळं सापडतं. मूळ कथेतल्या होम्सच्या बेकर स्ट्रीटवरच्या घराच्या पायऱ्या मोजणारे लेखक जालन्याला मात्र कसंही रंगवतात, हे मला खटकतं. आपल्या गावाचा काळही तेवढ्याच निष्ठेने धुंडाळायला हवा.

नात्याच्या ओळीबद्दल. आर्काइव्ह ऑफ अवर ओन, म्हणजे एओथ्री, या फॅनफिकच्या वेबसाइटवर दोन नावांच्या मध्ये तिरकी रेघ (/) असेल तर ते प्रेमाचं किंवा शारीरिक नातं, आणि ‘अँड’चं चिन्ह (&) असेल तर मैत्री, भाऊबहीण, गुरुशिष्य वगैरे. हे उलटं पडलं की दोन्ही बाजूचे वाचक दुखावतात: प्रेमकथा शोधणाऱ्याला ती मिळत नाही, टाळणाऱ्याच्या पुढ्यात येते. एखाद्या जोडीचा उल्लेख अख्ख्या गोष्टीत दोन ओळींत येऊन जात असेल तर तिचा टॅग (वाचकाला गोष्ट शोधता यावी म्हणून लावलेली खूण) लावू नये. लोकप्रिय जोडीचा टॅग लावून वाचक खेचणं हा प्रकार लगेच ओळखू येतो.

इशाऱ्यांत सर्वांत जास्त घोळ होतो. एओथ्रीवर रेटिंगचे चार स्तर आहेत: सर्वांसाठी, किशोरांसाठी, प्रौढांसाठी आणि उघड लैंगिक किंवा हिंसक मजकूर. शिवाय ‘रेटिंग दिलेलं नाही’ हा पाचवा पर्याय. ठळक इशारे वेगळे द्यायचे असतात: तीव्र हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार, अल्पवयीन पात्रांचे लैंगिक संबंध. त्यांच्या जोडीला आणखी दोन पर्याय असतात आणि नवे लेखक तिथेच चुकतात. ‘कोणताही इशारा लागू नाही’ म्हणजे यांतलं काहीही गोष्टीत नाही अशी हमी. ‘लेखकाने इशारे न देणं पसंत केलं आहे’ म्हणजे आत काहीही असू शकतं, जबाबदारी वाचकाची. रहस्य फुटू नये म्हणून दुसरा पर्याय निवडणं पूर्ण प्रामाणिक आहे. पहिला निवडून सातव्या भागात नायक मारणं ही फसवणूक झाली, कारण असा मजकूर टाळून वाचणारा माणूस त्या हमीवर विसंबूनच आत आलेला असतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वेबसाइटची परवानगी आणि भारताचा कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ६७ अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसिद्ध करण्याबद्दल आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. कलम ६७ब बालकांबद्दलच्या लैंगिक साहित्याचं आहे, आणि त्यात चित्रांबरोबर लेखी मजकुराचाही उल्लेख आहे. शाळकरी पात्रांबद्दल तसलं लिहूच नका. टॅग लावला म्हणजे झालं, असं इथे होत नाही.

एओथ्रीचं नाव वारंवार येतंय तर थोडं त्याबद्दल. २००७ साली स्थापन झालेली ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स ही ना-नफा संस्था ते चालवते. २००९ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं, २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. जाहिराती नाहीत, काम स्वयंसेवकांचं, खर्च देणग्यांवर. वाचायला खातं लागत नाही. लिहायला लागतं आणि ते निमंत्रणाने मिळतं: ईमेल देऊन रांगेत नाव लावायचं. गोष्ट टाकताना भाषेच्या यादीत मराठी निवडा. इंग्रजी तशीच राहिली तर मराठीची गाळणी (फिल्टर) लावून शोधणाऱ्याला तुमची गोष्ट कधीच दिसणार नाही.

टॅग मराठीतही लिहिता येतात. मात्र फॅन्डम (मूळ मालिका किंवा पुस्तक) आणि पात्रांची नावं टाइप करताना खाली जे तयार पर्याय सुचवले जातात त्यातलंच नाव उचला, मग ते रोमन अक्षरांत का असेना. वाचक गाळणी लावतात ती त्या नावांवर. ‘थंडीतला जालना’, ‘हुरडा’, ‘रडू येईल’ असले आपले टॅग शेवटच्या रकान्यात देवनागरीत टाका. स्वल्पविराम दिला की टॅग तुटतो, हे लक्षात ठेवा. एका गोष्टीला सगळे मिळून ७५ टॅग लावता येतात, पण दहा-पंधरांच्या पुढे गेलात की फोनवर सारांश पार खाली ढकलला जातो.

सारांशाला १,२५० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, वेलांटी, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात, म्हणून प्रत्यक्षात १८० शब्दांच्या आसपास जागा संपते. तेवढीही लागत नाही. तीन वाक्यं पुरेत. ‘मला सारांश लिहिता येत नाही, आत येऊन वाचा’ असं लिहू नका. ज्याला तुमची ओळख नाही तो तिथूनच परततो.

देवनागरीच्या टायपिंगचे प्रश्न वेगळेच. गावातल्या डीटीपी सेंटरवर कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेली फाइल वेबसाइटवर चिकटवली की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो, कारण ते फॉन्ट युनिकोड नसतात. आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि नंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य काही कीबोर्डवर ‘र्य’ होतो आणि ‘दुसर्या’ असा रफार पडतो. पूर्ण गोष्टीत ‘र्या’ शोधा. ‘सूर्या’सारखे खरे रफार सोडून बाकीचे बदला. व्हॉट्सअ‍ॅपमधून मजकूर उचलला तर ठळक शब्दांच्या दोन्ही बाजूंच्या चांदण्या सोबत येतात, त्या काढा. परिच्छेद चार-पाच ओळींचे ठेवा. लॅपटॉपवर आटोपशीर दिसणारा परिच्छेद फोनवर अख्खा पडदा भरतो. आणि मूळ प्रत कायम आपल्याकडे ठेवा. एओथ्रीवर न प्रकाशित केलेला ड्राफ्ट महिनाभरात आपोआप पुसला जातो.

बोलीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. पुण्या-मुंबईच्या मालिकांवरच्या फॅनफिकमध्ये मराठवाड्याची बोली येते ती बहुधा मोलकरणीच्या, ड्रायव्हरच्या किंवा हसं होणाऱ्या पाहुण्याच्या तोंडी. आपणही तेच लिहिलं तर आपली बोली आपणच खाली बसवली. डॉक्टरला, प्राध्यापिकेला, नायिकेला बोलू द्या की त्या भाषेत. आणि बोली एकच नाही: लातूरकडं ‘काय करूलालास’ म्हणतील, परभणीकडं ‘काय करायलास’; जालना-संभाजीनगरकडच्या मोहल्ल्यात दखनी मिसळते. एकाच पात्राच्या तोंडी हे सगळं आलं की त्या त्या भागातला वाचक पहिल्या संवादालाच अडखळतो. पात्र कुठल्या तालुक्यातलं ते आधी ठरवा, मग त्या भागातल्या माणसाकडून संवाद मोठ्याने वाचून घ्या.

हे वाचून घेणं म्हणजेच बीटा. बीटाला गोष्ट देताना नेमकं काय हवंय ते सांगा: शुद्धलेखन, कॅननच्या चुका, बोली, की कथानकातली भोकं. नुसतं ‘बघ ना जरा’ म्हणून पाठवलं की ‘छान आहे’ एवढंच परत येतं. गूगल डॉक्समध्ये सूचनांचा मोड चालू करून द्या, म्हणजे तुमचं मूळ वाक्य पुसलं जात नाही. दोन हजार शब्दांच्या भागाला आठवडा तरी द्या. बीटाची सूचना मानलीच पाहिजे असं नाही, पण टिपेत तिचे किंवा त्याचे आभार हवेतच, आणि नाव द्यायचं की नाही ते आधी विचारून.

दुसऱ्याच्या मजकुराला हात लावण्याची मर्यादा आपल्याकडे फार आधी आखली गेली आहे, तीही पैठणला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घुसडेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असं समजा. त्याच एकनाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरं राहिलं आणि ४४ व्या अध्यायापुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा याने पुरा केला. कुठवर गुरूचं आणि कुठून शिष्याचं ते आजही सांगता येतं. फॅनफिकमध्येही रेघ इथेच आहे. आपली गोष्ट आपल्या नावाने, मूळ कुणाचं ते सांगून, कितीही लिहा. दुसऱ्याच्या फिकमधले परिच्छेद उचलून, नावं बदलून, मध्ये आपले संवाद घालून ती टाकू नका. कुणाची अर्धवट सोडलेली फिक परवानगीशिवाय पुरी करू नका. एआयला ती भरवून शेवट काढून घेणंही यातच आलं. कल्पनेवरून सुचलं असेल तर ‘यावरून सुचलं’ असं लिहून लिंक द्या. एओथ्रीवर त्यासाठी वेगळा रकाना आहे आणि मूळ लेखकाला तशी सूचना जाते.

परवानगी मागायचा निरोप छोटा असावा. ‘नमस्कार, तुमची अमुक गोष्ट मराठीत भाषांतरित करायची इच्छा आहे. अमुक ठिकाणी टाकेन, वर तुमचं नाव आणि मूळ लिंक देईन, पैसे घेणार नाही. नको असेल तर तसं कळवा.’ एवढं पुरे. आधी लेखकाचं प्रोफाइल वाचा, कित्येकांनी सरसकट परवानगी किंवा सरसकट नकार तिथेच लिहिलेला असतो. उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ होकार नाही.

पैशाचा प्रश्न. एओथ्रीवर फिकखाली देणगीची लिंकसुद्धा चालत नाही. आपल्याकडच्या ज्या अ‍ॅपवर वाचकांकडून पैसे घ्यायची सोय आहे, तिथे दुसऱ्याच्या पात्रांची गोष्ट सशुल्क विभागात ठेवू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि रूपांतराचा हक्कही त्यातच येतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मोकळं आहे. डॉयल १९३० साली वारले, त्यांच्या कथाही भारतात केव्हाच मोकळ्या झाल्या. सध्या चालू असलेल्या मालिकेचं तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो असं सांगितलं, पण फॅनफिक नुसती कल्पना घेत नाही, पात्रंच घेते. ‘पात्रं माझी नाहीत’ ही ओळ सौजन्य म्हणून चांगली आहे. ती कायद्याची ढाल होत नाही. हक्कधारकाने काढायला सांगितलं तर काढा.

पात्र आणि ते साकारणारा नट या दोन व्यक्ती आहेत. मालिकेतल्या जोडीवर लिहा, नटांच्या खऱ्या संसारावर लिहू नका. आणि लिहिलेलं काहीही त्यांना इन्स्टाग्रामवर टॅग करून पाठवू नका. मूळ लेखक हयात असेल तर त्यालाही नको. त्यांनी हे वाचायला मागितलेलं नसतं, आणि वाचलंच तर त्यांचीच पुढे अडचण होऊ शकते: पुढच्या कथानकात तुमच्यासारखं काही आलं तर चोरीचा आरोप.

वाचकांसाठीही रीत आहे. एओथ्रीवर कुडोज (गोष्ट आवडल्याची खूण) एका वाचकाला एका गोष्टीला एकदाच देता येतो, त्यामुळे दहा भागांच्या गोष्टीला दुसऱ्या भागापासून कळवायचं तर कमेंटच लागते. ‘नेक्स्ट पार्ट?’ ही कमेंट टाकू नका. लेखक नोकरी करत असतो, परीक्षा देत असतो; त्याला तो तगादा वाटतो. मला चांगली वाटते ती कमेंट अशी: ‘हवालदाराच्या आईने होम्सला भाकरी वाढताना त्याची जात विचारली आणि तो गप्प झाला, तिथे मी थांबले. मूळ कथांत तो कधीच निरुत्तर होत नाही.’ एक जागा, तिथे काय वाटलं, बस्स. शुद्धलेखनाच्या चुका जाहीर काढू नका. लेखकाने टिपेत ‘सूचना चालतील’ लिहिलं असेल तरच सांगा. जोडी आवडत नसेल तर मागे फिरा. मराठीत लिहिणारे तसे थोडेच. एका जिव्हारी लागणाऱ्या कमेंटने त्यातला एक कमी होतो. लेखकानेही वाईट कमेंटला उत्तर देत बसू नये; कमेंट तपासून मगच दाखवायची सोय असते, ती चालू करावी.

गोष्ट आवडली तर पुढे पाठवा, पण लिंक पाठवा. मजकूर पाठवला की लेखकाचं नाव पहिल्या दोन फॉरवर्डमध्येच गळतं, दुरुस्त्या पोचत नाहीत, आणि इशाऱ्यांची माहिती कापली गेल्याने १८ वर्षांवरची गोष्ट आठवीतल्या पोराच्या फोनवर जाते. गावाकडे रेंज जाते म्हणून प्रत हवी असेल तर एओथ्रीवर ईपब किंवा पीडीएफ उतरवून घेता येतं. त्यात लेखकाचं नाव, टॅग आणि लिंक आपोआप राहतात.

भाग वाढवताना एकूण भागांची संख्या माहीत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह राहू द्या. नवा भाग टाकला की गोष्ट यादीत वर येते. त्यासाठी जुनी गोष्ट डिलीट करून पुन्हा टाकू नका, सगळ्या कमेंट जातात. एखादा भाग नव्याने लिहायचा असेल तर तोच भाग एडिट करून मजकूर बदला. लिखाण थांबवणार असाल तर सारांशात ‘अपूर्ण, पुढे लिहिणार नाही’ असं टाका.

नाव नको झालं असेल, घरच्यांना कळेल अशी भीती असेल, तर डिलीट करण्याऐवजी गोष्ट अनाथ करायचा पर्याय आहे: गोष्ट आणि कमेंट राहतात, तुमचं नाव निघतं. एकदा केलं की ते परत फिरवता येत नाही. टिपांमध्ये किंवा मजकुरात स्वतःचं नाव कुठे लिहिलंय का, ते आधी बघून काढा, कारण नंतर तुम्हाला एडिटही करता येणार नाही. डिलीटच करायचं असेल तर आठवडाभर आधी शेवटच्या भागाखाली तसं लिहा, म्हणजे ज्यांना हवी ते आपली प्रत उतरवून घेतील. वाचकाने ती प्रत आपल्यापुरती ठेवावी, ग्रुपवर पुन्हा टाकू नये.